अठरा मुलं आणि एक सहीचा कागद

पहिलीत आमच्या वर्गात एक पोरगं ‘पानी’ म्हणायचं. बाई म्हणायच्या, ‘पाणी म्हण, पाणी.’ ते परत म्हणायचं, ‘पानी.’ वर्ग फिदीफिदी हसायचा. महिन्याभरात त्यानं पाणी मागणंच सोडलं. तहान लागली की करंगळी वर करायचं, बाहेर पळायचं आणि नळाला तोंड लावून यायचं. बाई वाईट नव्हत्या. शुद्ध बोलायला शिकवणं हे त्यांचं कामच होतं.

हे पोरगं मला इतक्या वर्षांनी आठवलं ते चेक प्रजासत्ताकातल्या एका जुन्या खटल्याबद्दल वाचताना. खटला होता रोमा, म्हणजे आपण ज्यांना जिप्सी म्हणतो, त्या लोकांच्या मुलांच्या शाळेचा. आणि गंमत अशी की युरोपातली रोमा माणसंही पाण्याला ‘पानी’च म्हणतात.

हा योगायोग नाही. रोमा लोकांची भाषा, रोमानी, ही आपल्या मराठी-हिंदी-पंजाबीच्या कुळातली आहे. थोडे शब्द बघा. गावाला ते ‘गाव’ म्हणतात, नावाला ‘नाव’, दिवसाला ‘दिवेस’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’, सापाला ‘साप’, द्राक्षांना ‘द्राख’. काही शब्द पटकन ओळखू येत नाहीत, पण एक चावी हाती लागली की उलगडतात. मूळचा ‘घ’ त्यांच्याकडे ‘ख’ झाला, ‘ध’चा ‘थ’ आणि ‘भ’चा ‘फ’. म्हणून घर म्हणजे ‘खेर’, धूर म्हणजे ‘थुव’, भ्राता म्हणजे ‘फ्राल’ आणि भगिनी म्हणजे ‘फेन’. सूर्याला ते ‘खाम’ म्हणतात, तो आपला ‘घाम’. संस्कृत ‘घर्म’ म्हणजे उष्णता. त्यांनी तो शब्द सूर्यासाठी ठेवला, आपण उन्हानं अंगातून निघणाऱ्या पाण्यासाठी. ख्रिस्ती झाल्यावर क्रुसाला काय म्हणायचं, तर ‘त्रुशुल’. भाकरीला किंवा पावाला ‘मांरो’. त्याचं मूळ अभ्यासक ज्या संस्कृत शब्दात शोधतात त्यातूनच आपले मांडेही आले.

आकडेही तसेच: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. पुढे मात्र सात, आठ, नऊ हे थेट ग्रीक: एफ्ता, ओख्तो, एन्या. दहाला परत आपल्याकडचा ‘देश’ आणि वीसला ‘बिश’. रस्त्याला ‘द्रोम’ म्हणतात, तोही ग्रीक. नशिबाला ‘बख्त’, तो फारसी. घोड्याचा शब्द आर्मेनियन. उसने शब्द असे ओळीनं मांडले की लोक कुठून कुठे गेले याचा नकाशाच तयार होतो: भारत, इराण, आर्मेनिया, मग ग्रीक बोलणारं बायझंटाइन साम्राज्य आणि तिथून पुढे सगळा युरोप. भारत सोडून साधारण हजार वर्षं झाली असावीत.

ही गोष्ट कागदावर आधी आणली ती जर्मनीतल्या हाले गावच्या र्‍यूडिगर नावाच्या प्राध्यापकानं, १७८२ साली. त्याची पद्धत साधी होती. त्यानं एका रोमा बाईला काही वाक्यं तिच्या भाषेत सांगायला लावली आणि ती हिंदुस्थानीच्या व्याकरणाशेजारी ठेवून पाहिली. १९२६ मध्ये राल्फ टर्नर यांनी उच्चारांच्या बदलांवरून दाखवलं की या लोकांचे पूर्वज आधी मध्य भारताच्या बाजूला होते, नंतर वायव्येकडे सरकले आणि तिथे बराच काळ राहून मग बाहेर पडले.

इथे एक खुलासा करून टाकतो, कारण आपल्याकडे हे फार ऐकू येतं. ‘रोमा म्हणजे आपले बंजारा, तिकडे गेलेले.’ हे ऐकायला छान वाटतं, पण भाषा त्याला दुजोरा देत नाही. बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानी बोलींच्या जवळची आहे, आणि रोमानी त्याआधीच वेगळी होऊन निघून गेली होती. ‘रोम’ या शब्दाचं नातं अभ्यासक ‘डोम’ या भारतातल्या जातीच्या नावाशी लावतात. आपल्याला दुरून सगळे भटके एकसारखे दिसतात, आणि या सगळ्या कहाणीतला अर्धा घोळ या दुरून बघण्यानंच झालेला आहे.

नावं कुणी ठेवली

युरोपात सगळ्यात मोठा वांशिक अल्पसंख्य समाज म्हणजे रोमा. अंदाज १ कोटी ते १ कोटी २० लाखांचा, त्यातले साधारण ६० लाख युरोपीय संघाच्या देशांत. हा एकजिनसी समाज नाही. जर्मनीकडचे सिंती, स्पेनचे काले. मग धंद्यावरून पडलेली नावं: काल्देराश म्हणजे आपल्या भाषेत तांबट, लोवारी म्हणजे घोड्यांचे व्यापारी, उर्सारी म्हणजे अस्वलवाले दरवेशी, लाउतारी म्हणजे वाजंत्री. बोलीही वेगळ्या. एका गटाचं दुसऱ्या गटाशी लग्न जुळणं हा तिथेही घरोघरीचा वादाचा विषय.

‘जिप्सी’ हे नाव गैरसमजातून आलं. हे लोक इजिप्तहून आलेत असं युरोपला वाटलं, त्या ‘इजिप्शियन’चा जिप्सी झाला. आपल्याकडे तो शब्द कवितेत गेला, मोकळ्या भटक्या जिवाचं प्रतीक झाला आणि पुढे मारुतीच्या गाडीवर चिकटला. युरोपात तो इतका गोड नाही. मध्य युरोपातलं दुसरं नाव, चेक भाषेतलं ‘त्सिकान’, हे तर सरळ शिवीसारखं वापरलं जातं. चेकमध्ये त्यावरून केलेलं क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ खोटं बोलणं. इंग्रजीतही जिप्सीवरून फसवण्याचं क्रियापद झालं.

आपण नाकं मुरडायच्या आधी एक शब्द आठवू या: ‘भामटा’. मराठीत तो लबाड माणसासाठी सर्रास वापरतात, वर्तमानपत्राच्या मथळ्यातसुद्धा. आणि भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या सरकारी यादीतल्या एका जमातीचं नाव आहे. त्या घरातलं पोर सकाळी पेपर वाचत असेल तर त्याला काय वाटत असेल, हे मी चाळिशी येईपर्यंत मनात आणलं नव्हतं.

१९७१ मध्ये ८ एप्रिलला लंडनजवळ ऑर्पिंग्टनला रोमा प्रतिनिधींची पहिली जागतिक परिषद भरली. बाहेरच्यांनी लावलेली नावं बाजूला ठेवून ‘रोमा’ हे आपलं नाव, निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर लाल चक्राचा झेंडा आणि एक गीत, हे तिथे पुढे आलं. चक्र सोळा आऱ्यांचं आहे आणि ते कुठून सुचलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. डब्ल्यू. आर. ऋषी हे चंदीगडचे भारतीय मुत्सद्दी या चळवळीच्या जवळचे होते. ८ एप्रिल हा आता जगभर रोमा दिवस म्हणून पाळतात.

ठरलेल्या गोष्टी

रोमांबद्दल युरोपात तीन-चार गोष्टी सगळ्यांना ‘माहीत’ असतात. ते भटके असतात. चोर असतात. मुलं पळवतात. गाणं-बजावणं त्यांच्या रक्तात असतं. आणि शिक्षण? ते त्यांनाच नको असतं.

भटकेपणाचं बघा. आज युरोपातले बहुतेक रोमा पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिलेले आहेत. आजच्या रोमानियातल्या वालाकिया आणि मोल्डाविया या संस्थानांत तर ते गुलाम होते, आणि थोडेथोडके नाही, जवळपास पाचशे वर्षं. तिथली एक जुनी नोंद १३८५ सालची आहे: तिस्माना इथल्या मठाला दान दिलेली चाळीस रोमा कुटुंबं. जमीन, गुरं द्यावीत तशी माणसं दिली. ही गुलामी संपली १८५५-५६ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सत्तावन्नच्या आदल्याच वर्षी. मालकीची माणसं भटकणार कुठे? आणि जिथे भटकत होती तिथे बहुतेक वेळा कुणीतरी हाकललेलं असायचं. हाकलायचं आणि मग म्हणायचं, यांना एका जागी राहवत नाही.

मुलं पळवण्याची गोष्ट अजून जिवंत आहे. २०१३ च्या ऑक्टोबरात ग्रीसमध्ये एका रोमा वस्तीत पोलिसांना सोनेरी केसांची एक लहान मुलगी दिसली आणि जगभरच्या वाहिन्यांनी ‘पळवलेली गोरी मुलगी’ म्हणून बातमी चालवली. तपासाअंती तिची आई सापडली, ती बल्गेरियातली रोमा बाई निघाली. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये दोन रोमा कुटुंबांतून केवळ रंग गोरा आहे म्हणून मुलं उचलली, आणि डीएनए चाचणी करून परत आणून दिली. रोमांमध्येही गोरी मुलं जन्मतात, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही.

इतिहासात मुलं पळवलेली आहेत, पण उलट्या दिशेनं. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीनं रोमांना ‘सुधारायचं’ ठरवलं. त्यांची भाषा बंद, आपसातली लग्नं बंद, आणि मुलं आईबापांकडून काढून शेतकरी कुटुंबांत वाढवायला दिली. शाळा, सुधारणा आणि मुलं हिसकावणं या तीन गोष्टी रोमांच्या आठवणीत एकत्र बांधल्या गेल्या त्या अशा. पुढे जेव्हा ‘हे लोक शाळेपासून लांब का राहतात’ असा प्रश्न येतो, तेव्हा हे गाठोडं विसरून चालत नाही.

चेक भूमीत हे गाठोडं आणखी जड आहे. १९२७ साली तिथे भटक्या ‘त्सिकानां’चा कायदा झाला, खास ओळखपत्रं निघाली, बोटांचे ठसे घेतले गेले. नंतर नाझी आले तेव्हा कुणाला उचलायचं हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत, याद्या तयार होत्या. महायुद्धाआधीच्या चेक रोमांपैकी साधारण नव्वद टक्के मारले गेले. ऑश्विट्झमधली रोमा छावणी २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री रिकामी केली, राहिलेल्या चार हजारांहून जास्त माणसांना एका रात्रीत गॅसखोल्यांत नेलं. चेकमधल्याच लेती इथे युद्धकाळात रोमांना डांबलेल्या छावणीच्या जागेवर १९७० च्या दशकात डुकरांचा मोठा फार्म उभा राहिला. सरकारनं तो विकत घ्यायला २०१७ साल उजाडलं आणि स्मारक उघडलं २०२४ मध्ये. मधली चाळीसहून अधिक वर्षं तिथे डुकरं होती.

म्हणून चेक जनगणनेत २०२१ मध्ये स्वतःला रोमा म्हणवून घेणारे २२ हजारांहून कमी भरतात, आणि अंदाज मात्र अडीच लाखांचा असतो. जनगणनेच्या रकान्यात आपली जात खरी लिहावी की नाही, हा विचार ज्यांना करावा लागतो त्यांना यात नवल वाटणार नाही.

ओस्त्रावा

आता त्या खटल्याकडे येऊ. ओस्त्रावा हे चेक प्रजासत्ताकाच्या ईशान्येचं कोळसा आणि पोलादाचं शहर. मूळचे चेक रोमा जवळजवळ संपलेच होते. युद्धानंतर स्लोव्हाकियातून खाणी-कारखान्यांसाठी रोमा मजूर आणले गेले. साम्यवादी राजवटीत त्यांना वेगळा समाज म्हणून मान्यता नव्हती. काम होतं, घर मिळत होतं, मुलांना शाळेत घालणं सक्तीचं होतं. पण कुठल्या शाळेत?

तिथे ‘विशेष शाळा’ नावाचा प्रकार होता, सौम्य मतिमंदत्व असलेल्या मुलांसाठी. अभ्यासक्रम हलका, पुढे जास्तीत जास्त एखादा कामधंदा शिकायचा. चांगल्या माध्यमिक शाळेचं दार तिथून जवळपास बंदच. रोमा मुलं या शाळांत घाऊक जातात ही गोष्ट लपलेली नव्हती. सनद ७७ या विरोधी गटानं १९७८ मध्येच रोमांच्या स्थितीवर निवेदन काढून हे मांडलं होतं.

१९८९ नंतर राजवट गेली, कारखाने गेले, रोमांच्या नोकऱ्या सगळ्यात आधी गेल्या. विशेष शाळा राहिल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी युरोपियन रोमा राइट्स सेंटर या संस्थेनं ओस्त्रावातल्या शाळांचे पट तपासले. आकडे असे निघाले: विशेष शाळांत एकूण १,३६० मुलं, त्यातली ७६२ रोमा, म्हणजे ५६ टक्के. शहरातल्या नेहमीच्या प्राथमिक शाळांतल्या ३३,३७२ मुलांत मात्र रोमा २.२६ टक्केच. बिगररोमा मुलांपैकी १.८ टक्के विशेष शाळेत, रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के. हिशेब केला तर रोमा मूल ‘मतिमंद’ ठरण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा सत्तावीस पट.

आता याचे दोनच अर्थ निघतात. एक तर ओस्त्रावातल्या रोमांची निम्मी पोरं खरोखर मतिमंद जन्मतात. किंवा मोजमापात खोट आहे. पहिला अर्थ कुणी तोंडावर बोलून दाखवत नव्हतं, पण यंत्रणा चालत होती ती त्याच गृहीतकावर.

मोजमाप कसं होत होतं? मूल सहा-सात वर्षांचं. त्याला समुपदेशन केंद्रात नेतात. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, चेकमध्ये प्रश्न. बुद्ध्यांक म्हणजे उंचीसारखा फूटपट्टीनं मोजायचा आकडा नसतो. आधी हजारो मुलांना तेच प्रश्न घालून सरासरी काढतात आणि मग तुमचं मूल त्या सरासरीच्या वर की खाली एवढंच बघतात. सरासरी ज्या मुलांवरून काढली त्यांच्या घरी गोष्टींची पुस्तकं आहेत, बालवाडी झालेली आहे, घरी बोलतात तीच भाषा पेपरात आहे. एखाद्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला मायक्रोवेव्हचं चित्र दाखवून विचारलं, हे काय, तर ती गप्प बसेल. कोथरूडच्या मुलाला मोळी आणि वाढं यांतला फरक विचारला तर तोही गप्प बसेल. पण चाचणी त्या मुलीची होते, त्या मुलाची नाही.

भाषेचा पेच तर आणखी नाजूक. ओस्त्रावातल्या पुष्कळ रोमा घरांत आता रोमानी मागे पडली आहे, मुलं चेकच बोलतात. पण ती आजी-आजोबांच्या रोमानीवर बेतलेली चेक. उदाहरणार्थ, चेकमध्ये ऱ्हस्व-दीर्घावरून शब्दाचा अर्थ बदलतो, आणि तिथल्या रोमानीत तो भेद नाही. त्यामुळे मूल शब्द बरोबर वापरतं आणि स्वर चुकवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, याला धड बोलता येत नाही. त्याची दुसरी भाषा अशी बोलली जाते, हे लक्षात यायला आधी त्याची पहिली भाषा म्हणजे भाषा आहे हे मान्य असावं लागतं. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात रोमानीचा अभ्यासक्रम सुरू झाला तोच १९९१ मध्ये. सुरू केला मिलेना ह्युब्श्मानोव्हा यांनी, ज्या मुळात हिंदी, उर्दू आणि बंगाली शिकलेल्या होत्या.

चाचणी झाली की शेवटचा कागद आईबापांसमोर येतो, संमतीचा. सरकारचा सगळा बचाव या कागदावर उभा होता. ‘आम्ही कुणाला ढकललं नाही. पालकांनी सही केली आहे.’

सही का केली? फॉर्म आधीच भरलेला असायचा, सहीपुरती जागा मोकळी. दुसरा पर्याय काय, हे त्यावर लिहिलेलं नसायचं. पण समजा सगळं लिहिलेलं असतं, तरी बऱ्याच जणांनी सही केली असती, असं मला वाटतं. नेहमीच्या शाळेत पोरगं वर्गात एकटंच रोमा. मागच्या बाकावर, डब्यात कुणी हात घालत नाही, मधल्या सुट्टीत मार. विशेष शाळेत मोठी बहीण आहे, चुलतभाऊ आहेत, आई स्वतः तिथेच शिकली. तिथल्या बाई निदान नावानं हाक मारतात. कुठलीही आई काय करेल? ‘यांनाच शिकायचं नसतं’ म्हणणाऱ्यांनी या सहीकडे बोट दाखवावं आणि तिच्यामागचा हा हिशेब बघू नये, याची मला चीड येते. रोमा घरांत शाळेबद्दल उदासीनता अजिबात नसते असंही नाही. काही गटांत मुलगी मोठी झाली की तिला शाळेतून काढतात आणि लवकर लग्न लावतात, हे खरं आहे. पण त्याचा मतिमंदत्वाच्या दाखल्याशी काय संबंध?

अठरा मुलांच्या वतीनं खटला उभा राहिला. ही मुलं १९९६ ते १९९९ या काळात विशेष शाळांत घातली गेली होती. चेक घटना न्यायालयानं १९९९ मध्ये हात वर केले: एकूण सामाजिक परिस्थिती बघणं आमचं काम नाही, या अमुक मुलाबाबत नियम मोडला असेल तर दाखवा. नियम मोडलेलाच नव्हता. चाचणी झाली होती, सही होती, शिक्का होता.

प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. ‘डी. एच. आणि इतर विरुद्ध चेक प्रजासत्ताक’. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या छोट्या पीठानंही मुलांच्या विरोधात निकाल दिला. मग सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे गेलं आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी १३ विरुद्ध ४ मतांनी मुलं जिंकली.

या निकालात कायद्याची जी कल्पना पक्की झाली तिला म्हणतात अप्रत्यक्ष भेदभाव. महाराष्ट्रातलं एक उदाहरण घेतो. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी १९६१ च्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा मागतात. नियम त्या यादीतल्या सगळ्यांना सारखाच. पण ज्याचा आजा पालात जन्मला, शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, तो १९६१ चा कागद आणणार कुठून? नियमात कुणाचं नाव नाही, नियम करणाऱ्याच्या मनात द्वेषही नसेल. तरी बाहेर राहतो तो ठरावीकच माणूस. हेतू काय होता हे न विचारता परिणाम कुणावर झाला हे विचारणं, याला म्हणतात अप्रत्यक्ष भेदभाव तपासणं.

न्यायालयानं म्हटलं, आकडेच इतके बोलके असतील तर एकेका मुलाबाबत वाईट हेतू सिद्ध करत बसायची गरज नाही. या फरकाला वंशाखेरीज दुसरं रास्त कारण आहे हे आता सरकारनं दाखवावं. सरकारला ते जमलं नाही. चाचण्या पक्षपाती असण्याचा धोका न्यायालयानं नोंदवला. आणि सहीबद्दल सांगितलं की भेदभाव न होण्याचा हक्क कुणी सही करून सोडून देऊ शकत नाही. त्यातही आईबापांपुढे निवड होती ती, त्यांच्या मुलांना सांभाळून न घेणारी नेहमीची शाळा की बहुतेक मुलं रोमाच असलेली विशेष शाळा, अशी.

प्रत्येकाला चार हजार युरो मिळाले. अर्जदार मुलं १९८५ ते १९९१ मध्ये जन्मलेली. निकाल लागला तेव्हा सगळ्यात धाकटं पंधरा-सोळाचं होतं. म्हणजे या अठरातल्या एकाचंही प्राथमिक शाळेचं वय उरलं नव्हतं.

पाटी बदलली

विशेष शाळा हे नाव तर निकालाच्याही आधी, २००५ पासून कायद्यातून गेलं होतं. त्या ‘व्यावहारिक प्राथमिक शाळा’ झाल्या. इमारत तीच, शिक्षक तेच, मुलंही बरीचशी तीच. २०१४-१५ च्या सुमाराससुद्धा सौम्य मतिमंदांच्या अभ्यासक्रमात साधारण तिसरा हिस्सा रोमा मुलांचा होता. या हट्टामागे केवळ द्वेष बघितला तर उलगडा होत नाही. शाळा चालते पटावर. रोमा मुलं गेली तर शाळा बंद, बाईंची नोकरी बंद. नेहमीच्या शाळेतल्या गुरुजींना ‘अवघड’ मूल दुसरीकडे पाठवायची सोय हवीच असते. बिगररोमा पालकांनाही तेच बरं वाटतं. सगळ्यांच्या सोयीची गोष्ट मोडायला फार वेळ लागतो.

२०१६ पासून चेक सरकारनं नेहमीच्या शाळांनाच आधार द्यायला सुरुवात केली: वर्गात मदतनीस, जादा तास, साहित्य. रोमा समाजातलेच मदतनीस वर्गात बसवायचा प्रयोग त्याआधीपासून होता आणि तो जिथे नीट झाला तिथे मुलं टिकली. घरची बोली कळणारं एक मोठं माणूस वर्गात असलं की बराच फरक पडतो. शाळेआधीचं एक वर्षही २०१७ पासून सक्तीचं झालं. पण आता दुसरंच सुरू आहे. एखाद्या शाळेत रोमा मुलं वाढली की इतर पालक आपली मुलं काढून घेतात आणि दोन-चार वर्षांत ती शाळा आपोआप ‘रोमांची’ होते. आपल्याकडे झेडपीच्या आणि महापालिकेच्या शाळांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं समजावायला नको. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेनं २०२१ मध्ये केलेल्या पाहणीतही निम्म्याहून अधिक रोमा मुलं सगळी किंवा बहुतेक रोमाच असलेल्या शाळांत शिकत होती. क्रोएशियात भाषा येत नाही म्हणून रोमा मुलांचे वेगळे वर्ग केले होते. तोही खटला २०१० मध्ये मुलं जिंकली, पण ९ विरुद्ध ८ अशी, एका मतानं.

या सगळ्यात एक प्रश्न मला बराच काळ टोचत राहिला. वेगळ्या शाळा वाईट, हे तर ठरलं. मग हंगेरीत रोमांनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःहून काढलेल्या शाळांचं काय? पेच नावाच्या शहरात १९९४ मध्ये रोमा मुलांसाठी माध्यमिक शाळा निघाली, नाव गांधी. आणि उत्तरेला, बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात, शायोकाझा नावाच्या गावात २००७ मध्ये, म्हणजे स्ट्रासबुर्गचा निकाल लागला त्याच वर्षी, दुसरी निघाली: डॉ. आंबेडकर शाळा. काढली देर्दाक तिबोर या समाजशास्त्रज्ञानं आणि ओर्शोश यानोश या रोमा कार्यकर्त्यानं. बाबासाहेबांबद्दल वाचून हे दोघं महाराष्ट्रात आले, इथल्या आंबेडकरी बौद्धांमध्ये राहिले, परत जाऊन त्यांनी ‘जय भीम’ नावानं बौद्ध समुदाय उभा केला. अस्पृश्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न एकाच जातीचा आहे, हे त्यांना कुण्या परिषदेत नाही, इथल्या वस्त्यांत फिरताना उमगलं.

या शाळेतही बहुतेक मुलं रोमाच. फरक आहे तो मुलांकडून काय अपेक्षा ठेवली त्यात. ओस्त्रावाच्या विशेष शाळेचा बेत असा होता की हे मूल फार शिकणार नाही. आंबेडकर शाळेचा हट्ट असा की मध्येच गळालेल्या मुलानं, अगदी लेकुरवाळ्या झालेल्या मुलीनंसुद्धा, परत यायचं आणि बारावीच्या तोडीची परीक्षा द्यायची. सगळी पास होतात असं नाही. गणिताला आणि परकीय भाषेला गाडी अडते, वर्षानुवर्षं एकेक विषय काढत बसावं लागतं. बेरोजगार खाणपट्ट्यातली गरिबी शाळेच्या गेटाशी थांबत नाही.

भेटल्यावर तिथे ‘जय भीम’ म्हणतात. आणि शाळेच्या नावाची एक बारीक गोष्ट मला फार आवडते. हंगेरियनमध्ये नुसता ‘ए’ हे रोमन अक्षर लिहिलं तर लोक त्याचा ‘ऑ’ म्हणतात. ‘आ’ हवा असेल तर डोक्यावर एक तिरकी रेघ द्यावी लागते. इंग्रजीतलं स्पेलिंग जसंच्या तसं उचललं असतं तर तिथल्या पोरांनी ‘ऑम्बेडकॉर’ म्हटलं असतं. म्हणून त्यांनी पाटीवर पहिल्या अक्षरावर एक आणि मधल्या ‘बे’वर एक अशा दोन रेघा दिल्या, नाव महाराष्ट्रातल्यासारखं उच्चारलं जावं म्हणून. शेवटचा ‘कर’ तेवढा अजून थोडा ‘कॉर’कडे झुकतो.